मेसची वही आणि गुणवत्ता यादी

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात बारावीचा निकाल लागला की घरोघर जी चर्चा होते तिच्यात अभ्यासक्रमाचे नाव आधी येते, फीचा आकडा त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी, बहुधा आईच्या तोंडून, एक प्रश्न येतो: राहणार कुठे? रोज येऊन-जाऊन करायचे ठरले तर एसटीचा विद्यार्थी पास आहे, भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते आणि चिखली किंवा खामगाव गाठता येते. बुलडाणा, अमरावती, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे ठरले तर मग वसतिगृह, नाहीतर तिघाचौघांत भाड्याची खोली आणि मेसचा डबा. या भागातल्या पदवी महाविद्यालयात शिकवण्यात आणि त्याच्या जोडीला वसतिगृह सांभाळण्यात माझी नोकरी गेली. त्या कामातून माझे एक मत बनले आहे, ते असे की आईचा हा शेवटचा प्रश्न पहिला असायला हवा. मुलगा कोणत्या महाविद्यालयात गेला यापेक्षा तो कोणाबरोबर राहिला, आणि राहताना त्याच्या वाट्याला सगळ्यांच्या उपयोगाचे कोणते काम आले, यावर त्याच्या अभ्यासाचे पुष्कळसे ठरते. माझा भर या कामावर आहे. चांगली संगत लागावी एवढे तर सगळेच आईबाप म्हणतात. पण संगत कशाने लागते, हे सहसा कोणी विचारत नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली मेस ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगतो. महिन्याला दोघे सेक्रेटरी होतात, पाळीपाळीने, निवडणूक नसते. त्यांच्याकडे तीन वह्या. एक हजेरीची, प्रत्येकाच्या नावापुढे सकाळ-संध्याकाळच्या खुणा आणि जो जेवला नाही त्याचा खाडा. दुसरी खरेदीची, तिच्यात किराण्याची पावतीची रक्कम एकीकडे आणि आठवडी बाजारातली बिनपावतीची भाजी दुसरीकडे लिहायची. तिसरी कोठीची, म्हणजे किती तूरडाळ काढली आणि किती उरली याची. महिना संपला की आधीच्या शिल्लक मालात खरेदी मिळवायची, उरलेला माल वजा करायचा, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार आणि गॅस धरायचा, पाहुण्यांच्या ताटांचे आलेले पैसे कमी करायचे आणि राहिलेल्या रकमेला एकूण जेवणांच्या संख्येने भागायचे. हा ताटाचा दर. तो फलकावर लागला की खरी परीक्षा सुरू होते, कारण मागच्या महिन्यापेक्षा दर दोन रुपयांनी जरी चढला तरी वही मागणारे दहा जण उभे राहतात. एका वेळेचा खाडा धरायचा का, सलग किती दिवस गावी गेले तर सूट द्यायची, रविवारच्या फीस्टचा भार शनिवारीच एसटीत बसलेल्यांवर टाकायचा का, हे नियम मुलेच करतात, मोडतात आणि भांडून पुन्हा करतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात प्रारंभीचा साठा आणि अखेरचा साठा या दोन ओळी असतात. कोठीच्या वहीत घोळ झाला की त्या ओळींचा अर्थ जसा कळतो तसा माझ्या तासाला कधी कळला नाही, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

पण हिशेब शिकणे हा त्यातला लहानसा फायदा. मोठा फायदा वेगळा आहे. वर्गात हुशार आणि कच्चा मुलगा यांच्यात एकच नाते असते: एकाला येते, दुसऱ्याला येत नाही. कोठीत ते नाते उलटेपालटे होते. गणितात पहिला येणाऱ्याला वांग्याचा भाव करता येत नाही. भाजीवाल्या मावशींकडून तो मुकाट्याने फसून येतो. गणितात दोनदा नापास झालेल्याला मात्र कोणत्या वेळेला बाजारात गेले की भाजी उतरते हे पक्के ठाऊक असते. त्या महिन्यापुरता हुशार मुलगा त्याच्यावर अवलंबून असतो. आमच्याकडची बहुसंख्य मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीला विज्ञान घेतले की एकदम इंग्रजीतल्या भौतिकशास्त्रासमोर उभी राहतात. पुढे बीएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंत न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग साचलेला असतो. तो ढीग शिक्षकासमोर उपसला जात नाही. वर्गात हात वर केला की साठ माना वळतात, आणि ज्याला आपण काही दिलेले नाही त्याच्याकडे मागायला माणूस लाजतो. सकाळी ज्याच्यासोबत पोते उचलले त्याला रात्री ‘हे इंटिग्रेशन कुठून आलं रे?’ असे विचारायला लाज वाटत नाही, कारण देणेघेणे सकाळीच सुरू झालेले असते. समजावून सांगणाऱ्याचाही अभ्यास पक्का होतो, हे प्रत्येक शिक्षकाला स्वतःवरून माहीत असते. गुणवत्ता वाढण्याची ही वाट फार साधी आहे, आणि बहुधा म्हणूनच ती कुठल्या मूल्यांकनाच्या तक्त्यात दिसत नाही.

ही वाट महाराष्ट्रात नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या भेटीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथे मुले धान्य निवडत, स्वयंपाकाला हात लावत, शेतात राबत आणि शिकत. स्वावलंबी शिक्षण हे रयतेचे ब्रीद त्यातूनच आले. आज त्या काळाचे वर्णन करताना गरिबीवर भर दिला जातो. बोर्डिंगसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले ही गोष्ट सांगितली जाते, ती सांगितलीच पाहिजे. पण पैसे नव्हते म्हणून मुलांना कामाला लावले, अशी समजूत त्यातून होते, ती मला अपुरी वाटते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले तेव्हाही कमवा आणि शिका हीच पद्धत ठेवली गेली. काम हे नुसते खर्च वाचवण्याचे साधन असते तर पदवीच्या पातळीवर ते मुद्दाम पुढे नेण्याची गरज नव्हती. याच संस्थेत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्यात १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी उभारलेली विद्यार्थी साहाय्यक समिती या दोन संस्थांची मंडळी वेगळी, काळ वेगळा, पण विद्यार्थ्याने घराचा भार उचलावा हा धागा तिथेही आहे. त्याआधी गरीब मुलासाठी माधुकरी आणि वार लावून जेवणे होते. वाराने जेवणारा मुलगा सात घरांचा आश्रित असे. वसतिगृहात तो पहिल्यांदा एका घराचा सदस्य झाला.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्यांकडून, आणि तो भक्कम आहे. घर सोडून, कष्ट करून शिकायला निघालेली मुले मुळातच जिद्दीची असतात; ती कुठेही ठेवली तरी पुढे आली असती, त्यात वसतिगृहाचे श्रेय काय? माजी विद्यार्थ्यांच्या नावांची यादी वाचून या आक्षेपाला उत्तर देता येत नाही, म्हणून थोडे बाहेर जावे लागते. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतले सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले जात. त्याचा उपयोग करून ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोबती कोण मिळाला याचा परिणाम मुलाच्या गुणांवर होतो, आणि तो तिथल्या बंधुसंघांत, म्हणजे फ्रॅटर्निटीत, जाईल की नाही यावरही होतो, असे त्यात दिसले. वाटप आपल्या मर्जीचे नसल्यामुळे जिद्दीची मुलेच एकत्र आली, असे इथे म्हणता येत नाही. परिणाम फार मोठा नव्हता, हेही सांगायला हवे. एका खोलीत दोन खाटा टाकल्या की विद्या एकीकडून दुसरीकडे वाहते असे कोणी समजू नये.

तसे समजून केलेला एक प्रयोग चांगलाच फसला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कच्च्या मुलांना फायदा व्हावा म्हणून त्यांच्या तुकड्यांत मुद्दाम हुशार मुले जास्त घातली गेली. आधीच्या आकडेवारीवरून कच्च्यांचे गुण वाढतील असे गणित होते. कॅरेल, सॅसरडोट आणि वेस्ट यांनी २०१३ साली निकाल छापले तेव्हा कच्च्या मुलांचे गुण उलट घसरलेले दिसले. तुकडी एक असली तरी हुशार हुशारांत बसले आणि कच्चे कच्च्यांत. कागदावरची सरमिसळ कागदावरच राहिली. याच्या शेजारी मॅट लो यांचा उत्तर प्रदेशातला प्रयोग ठेवून पाहावा. त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेटची स्पर्धा भरवली, काहींना मिश्र संघांत घातले. एकाच संघातून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांच्या मात्र कमी झाल्या. २०२१ साली आलेला हा अभ्यास शिक्षणाविषयी नाही, तरी माझ्या मुद्द्याला तो सर्वांत जवळचा आहे. जवळ ठेवल्याने माणसे जवळ येत नाहीत. एका बाजूने काहीतरी करावे लागते, आणि ते असे असावे लागते की एकाने टाळले तर सगळ्यांचे ताट अडेल. म्हणून मेस मला ग्रंथालयाइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरा आक्षेप पालकांचा: मुले एकत्र आली की बिघडतात. ही भीती खोटी नाही. क्रेमर आणि लेव्ही यांच्या २००८ सालच्या अभ्यासात, महाविद्यालयात येण्याआधीपासून दारू पिणारा सोबती चिठ्ठीने वाट्याला आलेल्या मुलांचे गुण चारपैकी सुमारे पाव अंकाने कमी झालेले दिसले. अमेरिकी बंधुसंघांचा इतिहास तर या भीतीला पुरावाच देतो. फाय बीटा कॅपा ही तिथली पहिली ग्रीक अक्षरी संघटना १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी काढली. वादविवाद आणि निबंधवाचन हे तिचे काम होते. पुढे ती गुप्तता सोडून निव्वळ विद्वत्तेचा मान देणारी संस्था झाली, आणि एकत्र राहण्याखाण्याचे, मेजवान्यांचे अंग दुसऱ्या बंधुसंघांकडे गेले. अभ्यास एका घरात आणि सहवास दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी झाली. सहवासाच्या घरात मग सदस्यत्व सिद्ध करायला छळ सोसणे आले. २०१७ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्रवेशाच्या रात्री दारू पाजलेला एक नवखा विद्यार्थी जिन्यावरून पडला आणि त्यात गेला. आपण नाके मुरडण्याचे कारण नाही. महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, आणि राघवन समितीच्या अहवालानंतर २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला देशभरासाठी नियम आणावे लागले.

त्या नियमांनी नव्या मुलांना शक्य तिथे वेगळ्या इमारतीत ठेवायला सांगितले. जीव वाचत असतील तर ते करावेच, यात वाद नाही. पण त्याने एक दोरही कापला जातो. पहिल्या वर्षाला कोणत्या विषयाची कोणती वही वाचावी, प्रात्यक्षिकाच्या तोंडीला काय विचारतात, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कधी टाकावा, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कोणता दाखला अडतो, हे शहाणपण वरच्या वर्गाकडूनच खाली येते. शिकलेल्या घरातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर मिळते; घरात पहिल्यांदाच महाविद्यालय पाहणाऱ्याला सीनियरशिवाय दुसरा आधार नसतो. माझे निरीक्षण असे की सीनियरकडे मिरवायला वय सोडून दुसरे काही नसले की तो खाली त्रास देतो. त्याच्याकडे कोठीची किल्ली आणि हिशेबाची जबाबदारी असली, आणि नव्या मुलाकडे त्याच हिशेबाची वही मागायचा हक्क असला, की दरारा लवकर ओसरतो. यासाठी गृहपालाने जागे राहावे लागते, तक्रारपेटी उघडावी लागते आणि वेळप्रसंगी पोलिसांत जावे लागते. स्वयंशासन म्हणजे मोठ्यांनी हात झटकणे, असा अर्थ मी कधीच घेतलेला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो. बंधुत्व म्हटले की कोणीतरी बाहेर राहतेच, आणि आपल्याकडे ते जातीने बाहेर राहते. राजर्षी शाहूंनी १८९६ साली कोल्हापुरात सर्वांसाठी म्हणून वसतिगृह काढले, तेव्हा प्रत्यक्षात त्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला असे इतिहासकार सांगतात. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आले, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगे, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या वेळच्या समाजात तोच रस्ता उघडा होता. पण त्याची मर्यादा त्याच कोल्हापुरात दिसली. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला, परत आल्यावर अंघोळ करून आत ये म्हटल्यावर त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग त्यांनीच काढले हा योगायोग नाही. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले, पुढे त्याच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहेही उभी राहिली. विदर्भातून तिथे गेलेल्या मुलांनी पदवीच्या सोबत लिहिण्याचे, बोलण्याचे धाडस आणले.

आज शंभर वर्षांनी पाहिले तर शासकीय वसतिगृहे खात्यांनुसार वाटली गेली आहेत: सामाजिक न्याय विभागाचे वेगळे, आदिवासी विकासचे वेगळे, इतर मागास बहुजन कल्याणचे वेगळे. दुसऱ्या प्रवर्गांसाठी काही जागा असतात, पण थोड्या. हक्काची जागा राखली पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती नसती तर त्यातली निम्मी मुले शहरात टिकली नसती. तरी मेस, अभ्यासिका, क्रीडांगण या तीन गोष्टी एका गावातल्या तीन वसतिगृहांनी मिळून चालवायला कोणाची हरकत असावी? १९२४ सालच्या साताऱ्यातली पंगत आपल्या आजच्या शासननिर्णयांपेक्षा पुढची होती, हे म्हणताना मला बरे वाटत नाही.

आता पैशाचा प्रश्न. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा शहरानुसार वर्षाला ४३ हजारांपासून ६० हजारांपर्यंत रक्कम ठरवली गेली होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि अल्पभूधारक व मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना त्याच धर्तीवर आल्या. जागा नाहीत तर पैसे द्या, हे योग्यच झाले. खोलीचे भाडे आणि डबा त्यातून सुटतो. पण भत्ता घेणारा मुलगा कोणाचाच सदस्य नसतो. त्याची सही बँकेच्या आणि पोर्टलच्या कागदावर असते, कोठीच्या वहीत नसते. ज्या पंजाबरावांचे नाव योजनेला दिले त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले, जातपात न पाहता मुले एका छताखाली ठेवली, आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दोन पिढ्या तिच्यामुळे शिकल्या. त्यांच्या नावाने घर न देता घरभाडे द्यावे, यातली विसंगती कोणाच्या लक्षात आली नसावी. एका शहरात भत्ता घेणारी आठ-दहा मुले एकत्र येऊन एक घर आणि एक स्वयंपाकघर चालवत असतील तर त्यांना थोडी जास्त रक्कम द्यावी, एवढी सुधारणा मला सुचते. बहुतेक शासकीय वसतिगृहांत तर जेवणाचा ठेका निविदेने वरून ठरतो आणि मुलांच्या भोजन समितीच्या वाट्याला चव घेऊन सही करणे उरते. त्यातून मुलांना जेवण मिळते. वही मात्र ठेकेदाराकडे जाते.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी अवघड आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मुलींची फी शासन भरते, एसटीचे भाडे महिलांना २०२३ पासून निम्मे आहे. तरी गावातली मुलगी अमरावतीला न जाता घराजवळची शाखा घेते, कारण राहण्याची खात्री नसते. आणि जिथे वसतिगृह असते तिथे सदस्यत्व म्हणजे फाटकाची वेळ पाळणे एवढेच बहुतेक ठिकाणी समजले जाते. घरी स्वयंपाक करतच आली, तिला पुन्हा मेसचे काम कशाला, हा प्रश्न मला शिक्षिकांनीच विचारला आहे आणि तो बरोबर आहे. मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायला लावण्यात काही अर्थ नाही. पण खरेदी, दर ठरवणे, ठेकेदाराशी भांडणे, लेखापरीक्षण, म्हणजे घरात जी कामे वडील आणि भाऊ करतात ती, मुलींच्या हाती यायला हवीत.

वेळ वाया जातो, हा राहिलेला आक्षेप. दिवसातला तास-दीड तास कामात गेला तर अभ्यास कधी करायचा? याचे उत्तर वेळापत्रकापेक्षा हंगामात शोधावे. अमरावती विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांचे दिवस आणि सोयाबीनची सोंगणी आमच्याकडे एकमेकांना लागून येतात. परीक्षेचे अर्ज भरायचे त्याच सुमाराला घरून फोन येतो, मजूर मिळत नाही, चार दिवस ये. मुलगा जातो, जावेच लागते. एकट्या खोलीत राहणारा परत येतो तेव्हा चार दिवसांचा अभ्यास बुडालेला असतो. ज्या वसतिगृहात कामाच्या पाळ्या आहेत तिथे पाळी बदलून घेण्याची सवय असते, आणि जी सवय मेसच्या कामाला लागते तीच नोट्सना लागते: तू माझा बाजार कर, मी तुझे तास लिहून ठेवतो. दीड तास जातो खरा, पण असे चार दिवस परत मिळतात. परीक्षेच्या आठवड्यात कामे निम्म्यावर आणावीत, हे मात्र मला मान्य आहे, आणि बहुतेक मुले ते न सांगताच करतात.

मोबाइलवर सगळे शिकायला मिळते, मग माणसे कशाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मी फार वाद घालत नाही. मोबाइलवर उत्तर मिळते. आपला प्रश्न कुठे अडला आहे हे ओळखणारा तिथे नसतो. याची जाणीव मुलांना आहे, म्हणून तर तालुक्यातालुक्यात अभ्यासिका निघाल्या. खुर्ची, दिवा, चार्जिंगचा पॉइंट, ‘शांतता राखा’ची पाटी आणि महिन्याचे पैसे. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी भरती अशा मोजक्या जागांसाठी तिथे शेजारी-शेजारी बसलेली मुले मनातून एकमेकांची प्रतिस्पर्धी असतात, आणि प्रतिस्पर्ध्यांचे काय होते ते वर क्रिकेटच्या उदाहरणात आलेच आहे. त्यांचा खरा अभ्यास अनेकदा बाहेरच्या चहाच्या टपरीवर होतो, जिथे कोणी तरी एक जण राज्यघटनेचे कलम दुसऱ्याला समजावत असतो. अमडापुरासारख्या गावात, जिथे वसतिगृह निघण्याची शक्यता नाही आणि पासवाली मुले संध्याकाळच्या बसने परत येतात, तिथे अभ्यासिका हीच जवळची जागा आहे. ती ग्रामपंचायतीने बांधली, आमदार निधीतून खुर्च्या आल्या, एवढ्याने मात्र काम होणार नाही. किल्ली कोणाकडे, वर्तमानपत्राचे बिल कोणी भरायचे, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाइल कोणी लावायची आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एक तास गणित कोणी शिकवायचे, हे तिथे बसणाऱ्यांनी आपसांत पाळीने ठरवावे लागेल, आणि त्याला ग्रामसभेचा ठराव लागत नाही.